बालीत बोललात, राहूत नाही

चौकातला तुमचा फ्लेक्स अजून कुणी उतरवलेला नाही. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली भावकीतल्या झाडून सगळ्यांची नावं, आणि मधोमध तुम्ही तोंडभर हसताय. श्रद्धांजलीला इतका हसरा फोटो कुणी लावतं का? पण घरात दुसरा निघालाच नाही. एक लायसन्सवरचा, त्यात तुम्ही चोरीच्या आरोपातले वाटता, आणि बाकी सगळे बालीचे. पुतण्यानं त्यातला झोक्यावरचा घेतला, मागची दरी पुसून निळं आभाळ टाकलं आणि खत कंपनीच्या टी-शर्टावर पांढरा सदरा चढवला. झोक्याचा दोर मात्र त्याच्या नजरेतून सुटला. तुमच्या डाव्या खांद्यामागं तो जाडजूड दोर तसाच दिसतोय. परगावच्या एका पाहुण्यानं तो बघून मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, नक्की झालं काय हो?"

काय सांगायचं? दुकानात बसल्या जागी छातीत कळ आली आणि गेलात. एवढंच झालं. दोर बालीचा आहे.

काल तेरावं झालं. आचारी भांडी घेऊन गेला, मांडववाला मांडव सोडून गेला. आपली पल्लवी कारेगावला परत गेली, कारण जावयाची कंपनीतली शिफ्ट बदलली आणि पोरांची शाळा बुडत होती. आता घरात मी आणि तुमच्या आई. दुकानाचं शटर खाली आहे. लग्न होऊन आल्यापासून हे शटर दिवसाउजेडी इतके दिवस खाली मी पाहिलेलं नाही. अहो, आता गिऱ्हाईक येणार नाही. आता बसा आणि ऐका. आपलं एकही भांडण आजवर शेवटाला गेलं नाही, कारण मी मुद्द्यावर आले की कुणीतरी पायरीवर येऊन "आबा, युरिया आला का?" म्हणून विचारायचं आणि तुम्ही सुटल्यासारखे उठायचात. बालीतलं भांडण तसंच अर्धं राहिलंय. तुम्ही मला त्या भांडणात एकटीला सोडून गेलात, आणि त्याचा मला फार राग आलाय. रडू येतंच, पण राग आधी येतो.

बाली म्हणजे काय हे मला तिकडं जाईपर्यंत धड माहीत नव्हतं. टार्गेट पुरं करणाऱ्या दुकानदारांना खत कंपनीनं जोडीनं सहल ठेवली होती. तुम्ही त्या हंगामात गोड बोलून, कधी दम देऊन, अख्ख्या पंचक्रोशीच्या गळ्यात पोती मारलीत आणि एका दुपारी मला म्हणालात, "बॅग भर. बालीला जायचंय." मी विचारलं, "तिथं देव कुठला हाय?" तुम्ही पोट धरून हसलात आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगितलंत. पण माझा प्रश्न चुकीचा नव्हता. आपण आयुष्यभर जिथं म्हणून गेलो तिथं देव होताच. आणि बालीतही पावलोपावली देवच निघाले. दारात देव, शेताच्या बांधावर देव, हॉटेलच्या जिन्यात देव, आणि प्रत्येकासमोर पानाच्या द्रोणात झेंडूच्या पाकळ्या.

किती फिरवलं त्यांनी आपल्याला! दोन बसगाड्या, सगळ्या पुरुषांना कंपनीचे टी-शर्ट, सगळ्या बायकांना साडीवर कंपनीच्या टोप्या. प्रत्येकीच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे, कारण तिकडचं खायचं नाही असं आधीच ठरलेलं. कंपनीनं सोबत आपल्याकडचा आचारी नेला होता तरीही. तिथल्या देवळात शिरताना कमरेला लुंगीसारखं वस्त्र गुंडाळायला लावतात. गावात कडक इस्त्रीशिवाय न दिसणारे तुम्ही दुकानदार लोक फुलाफुलांच्या लुंग्या गुंडाळून एका रांगेत उभे राहिलात, तेव्हा आम्ही बायका टोप्या तोंडावर धरून हसलो. कड्यावरच्या देवळात शिरूरच्या एका दुकानदाराचा चष्मा माकडानं पळवला आणि केळं दिल्यावरच परत केला. तुम्ही म्हणालात, "माकडाला व्यवहार कळतो. ह्याला दुकानावर बसवला पायजे."

आणि तो डोंगर. बेटाच्या मध्यावरचा, अजून आतून धुमसणारा. समोरच्या कड्यावर सगळी जेवणाची हॉटेलं, पण आपण पोचलो तेव्हा ढगात काहीच दिसेना. बाकीचे पिठलं-भाकरीवर तुटून पडले. तुम्ही मला कठड्याशी नेलंत आणि थांब म्हणालात. भाकरी गार होते म्हणून मी कुरकुरत होते. मग ढग सरले आणि डोंगर उभा राहिला, उतरणीवर काळा ठिक्कर, लाव्हा वाहून थिजलेला, खाली तळं. तुम्ही कठड्यावरून वाकून बघितलंत आणि म्हणालात, "ही माती लई भारी आसंल बघ. हिला खतच नको. आपलं दुकान हितं चालायचं न्हाई." आणि माझा हात धरलात, सगळ्या दुकानदारांदेखत.

आपल्या राहू गावच्या बाजारात तुम्ही कायम माझ्या चार पावलं पुढं चालायचात. मी मागून पिशव्या घेऊन. त्या बेटावर तुम्ही माझ्या बरोबरीनं चाललात. निसरड्या खडकावर माझ्या चपला तुमच्या हातात होत्या. मी त्याबद्दल तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. नवऱ्याला असलं काही म्हणायची आपल्यात रीत नाही. आता म्हणते, मला फार बरं वाटलं होतं.

मग तो चौक आला. आपली बस एका लहान गावातल्या चौकात अडकली. पुढं वाजंत्री, गर्दी, पोलीस. तिथला गाइड केतुत, टूरिस्टांकडून शिकलेलं हिंदी बोलणारा, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आप लोग लकी है. बहोत लकी. ये देखने को टूरिस्ट लोग वेट करता है." बघतो तर मयत. मयत बघायला मिळालं म्हणून नशीबवान म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. सगळे फोन काढत धडाधड खाली उतरले. बांबू आणि रंगीत कागदाचा, मजल्यावर मजले चढवलेला, आत मयत ठेवलेला उंच मनोरा पोरांनी खांद्यावर घेतला होता, पुढं लाकडाचा भला मोठा बैल. चौकात आल्यावर पोरांनी तो मनोरा गरागरा तीनदा फिरवला. केतुत म्हणाला, "घर का रास्ता भूल जाए, इसलिए." तुम्ही लगेच, "मला कितीबी फिरवा, मी बरुबर राहूला येनार." सगळे हसले. मीही हसले.

मग केतुतनं बोटानं एक बाई दाखवली. "वो उसकी वाइफ."

चाळिशीची असेल. पांढरी चोळी, कमरेला पिवळा पट्टा, केसात पांढरं फूल. हातात पाण्याची बाटली. शेजारणीशी काहीबाही बोलत चालली होती, आणि बोलता बोलता एकदा हसलीसुद्धा. मी तिच्या कपाळाकडं बघितलं, हातांकडं बघितलं, गळ्याकडं बघितलं. तिच्याकडून काय काढून घेतलंय ते शोधत होते. काही काढून घेतलेलं दिसेना. मी इतकी टक लावली की तिनं माझ्याकडं बघून मान डोलावली.

तुम्ही फोन खिशात ठेवला होता. तुमचा आवाज वेगळाच आला. "बघितलंस? ते बी हिंदूच हायेत. नवरा गेला आन् केसात फूल हाय."

"त्यांची रीत येगळी," मी म्हटलं.

"मी गेल्यावर तू बी आशीच ऱ्हायचं. कुंकू पुसून घ्यायचं न्हाई, बांगड्या फोडून घ्यायच्या न्हाईत. व्हय म्हन."

"अहो, फिरायला आलोय का मरायला?"

"व्हय म्हन आधी."

मी म्हटलं नाही. परमुलखात, रस्त्यावर, दुसऱ्याचं मयत समोरून चाललेलं असताना स्वतःच्या मरणाचं बोलणारा नवरा, आणि त्याला व्हय म्हणायचं? बस सुटली आणि आपण जे भांडलो! पुढच्या सीटवरची बाई कान टवकारून बसली होती म्हणून दबक्या आवाजात भांडलो, त्यानं ते आणखी वाढलं. मी म्हणाले, "तुमाला बोलाया काय जातंय? तुमी आडवे पडलेले आसनार. माझ्याभवती त्या बायका बसनार. तुमच्या कवठ्याच्या आत्या बसनार. तवा मी काय सांगू?" तुम्ही म्हणालात, "मालकांनी सांगितलंय म्हनायचं." मी म्हणाले, "कुनाला सांगितलंय? मला येकटीला? कोन इस्वास ठेवंल?" त्यावर तुम्ही हात झटकलात. "आगं, गावी गेलो की मीच सांगतो समद्यांना. आईला, आत्याला, भावकीला. मग झालं?"

मी म्हणाले, "बघू."

त्या दिवशी डोंगराच्या उतारावरची भाताची शेतं दाखवली. पायऱ्यापायऱ्यांची, एकीतलं पाणी दुसरीत उतरणारी. जगभरातून लोक ती बघायला येतात म्हणे. मी बसमध्येच फुगून बसले. काचेतून एवढंच दिसलं की तुम्ही त्या चिखलात उतरून केतुतला मध्ये घालून एका शेतकऱ्याला विचारताय, या भाताला युरिया किती टाकता. नंतर दरीवरचा झोका आला. तिथं बायकांना पायघोळ झगे भाड्यानं देतात आणि दरीवर झोका देऊन फोटो काढतात. तुम्ही म्हणालात, "चढ की, किती दिवस रुसनार?" मी नाही म्हटलं. मग तुम्हीच चढलात. एवढा मोठा माणूस, कंपनीचा टी-शर्ट, खाली नारळीचं रान, आणि तुम्ही "येळकोट येळकोट" ओरडत दरीवर गेलात. खालचे गोरे लोक टाळ्या वाजवत होते. तो फोटो मीच काढला. रुसलेली होते तरी काढला.

संध्याकाळी समुद्रातल्या देवळाशी नेलं. ओहोटीला पाणी मागं हटतं तेव्हा खडकावरून चालत जाता येतं. आपण पायऱ्यांवर बसलो. माझा राग ओसरला होता आणि राग ओसरला की माझं डोकं चालायला लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. मी विचारलं, "येक इचारू? आईंना कवा म्हनालात का हो, की कुंकू लाव म्हनून?"

तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही शाळेत जाणारं पोर होतात. आई त्या चौकातल्या बाईपेक्षाही लहान असतील. त्यांचं कुंकू पुसलं, हिरवं गोंदण तेवढं कपाळावर राहिलं, कारण ते पुसता येत नाही. आपल्या लग्नात त्या मागच्या खोलीत बसून राहिल्या. आपल्या पल्लवीच्या बारशाला त्या ओटी भरायला पुढं आल्या नाहीत. तिच्या लग्नात हळद दळताना जात्याला हात लावला नाही. तुम्ही रोज त्यांच्या हातची भाकरी खाल्लीत, त्यांच्याशिवाय पान हललं नाही तुमचं, पण या एका बाबतीत तुम्ही त्यांच्या कपाळाकडं कधी बघितलंच नाहीत. बायकोसाठी बघायला तुम्हाला समुद्र ओलांडून जावं लागलं.

तुम्ही पाण्याकडं बघितलंत. मला वाटलं आता काहीतरी बोलाल. तुम्ही उठलात, लुंगी झटकलीत आणि म्हणालात, "चल, नारळपानी घेऊ."

हेच आपलं भांडण. इथंच ते थांबलेलं आहे.

गावी आल्यावर बाली अख्ख्या राहूला पाठ झाली. माकड, चष्मा, झोका, धुमसणारा डोंगर, जनावराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची कॉफी. दुकानात पोतं उचलायला आलेल्या माणसाला तुम्ही आधी बाली सांगायचात, मग पोतं द्यायचात. ते मयतही सांगायचात, मनोरा कसा गरागरा फिरवला ते हातवारे करून. त्या बाईपाशी आलात की थांबायचात. आईला नाही, आत्याला नाही, भावकीला नाही. मी आठवण करून दिली तर "सांगतो गं, कुठं पळून चाललोय का," म्हणालात.

आणि पळालात.

तुम्हाला अंगणात आंघोळ घालत होते. मला आत बसवलं होतं आणि बायकांनी रिंगण धरलं होतं. कवठे येमाईहून आत्या आल्या. वय झालंय त्यांचं, पण आल्या आल्या पदर खोचून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, हात फुडं कर."

मी हात मागं घेतले. "न्हाई आत्या. त्यांनी नगं म्हनून सांगितलंय."

"कुनाला सांगितलंय?"

"मला."

"कवा?"

"बालीला गेलो तवा."

आत्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "फिराया गेल्यावर नवराबायकू आसलं बोलत्यात व्हय?" मागून कुणीतरी नाकातून हसलं. मयताच्या घरात हसलं. पल्लवी पुढं आली, "आजी, मम्मीला जे वाटतंय ते करू दे." आत्या म्हणाल्या, "तू गप ऱ्हा. तुज्या सासरी चालंल का आसलं?" पल्लवी मागं सरली. तिला सासरी जायचं होतं. मी एका एका तोंडाकडं बघत होते आणि तुमच्यावर इतकी चिडले होते की रडायचंही राहून गेलं. तुम्ही तिकडं अंगणात नाकात कापूस घालून निवांत. एक शब्द, अहो, एकच शब्द यातल्या एकीला तरी सांगून ठेवायचा होता.

त्यावेळी तुमच्या आई बोलल्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोटचा पोरगा बाहेर पडलेला, डोळे कोरडे. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. दत्तू म्हनला आसंल. ल्हानपनापास्नं काहीबाही म्हनतोयच तो."

याच घरात आईंचं कुंकू पुसलं तेव्हा आत्या समोर होत्या. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि आत्यांनी खोचलेला पदर सोडला. तेराव्याला त्या पानावर बसल्या नाहीत. जाताना मला म्हणाल्या, "माज्या दारात येऊ नगंस." तर तुमच्या त्या मयताच्या चौकातल्या हट्टापायी मला कवठे येमाई बंद झालं. आणखी काय काय बंद होईल ते लग्नसराईत कळेल. मी कुंकू लावते आहे. तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ते अजून मला नीट सांगता येत नाही. सकाळी आरशासमोर उभी राहते आणि लावते.

इथवर मी तुमच्या बाजूनं लढले. पुढचं ऐका.

राख सावडून मंडळी परत आली त्या संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसल्या. लुगड्याचा काठ चुरगाळत होत्या. मग म्हणाल्या, "येक इचारू का गं? तुला म्हनला. मला का न्हाई म्हनला कवा? मी तर त्याच्या डोळ्यांदेखत जलमभर उघड्या कपाळानं फिरले की."

मी काय सांगणार होते? तुम्हाला मी विचारलं होतं, आणि तुम्ही नारळपाणी आणायला गेलात, हे सांगू? पोरगा जाऊन तीन दिवस झालेल्या बाईला? माझं तोंड आपोआप उघडलं. मी म्हणाले, "म्हनाले होते की, आई. तिथंच म्हनाले होते. आईला बी सांगायचंय, पर तिच्याम्होरं हुभं राहून बोलायचा धीर व्हत न्हाई."

आईंनी माझा दंड धरला. "कुठं म्हनला?"

"समुद्राच्या काठाला देऊळ हाय, त्याच्या पायऱ्यांवर."

"काय घातलं हुतं त्यानं?"

"लुंगी. फुलाफुलांची."

आई हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्यांना रडू फुटलं आणि मग त्या मोठ्यानं रडल्या, जे तोवर रडल्या नव्हत्या. मी कुंकवाचा करंडा आणून पुढं धरला. त्यांनी झाकण लावलं. "आता न्हाई. आता हात जायचा न्हाई तिथं. पर तो म्हनला ना? बास झालं."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, भेटायला आलेली माणसं पांगली की, "सांग की गं, काय म्हनला दत्तू." आणि मी सांगत गेले. रोज थोडं वाढत गेलं. पायऱ्या होत्या, मग ओहोटीचं पाणी आलं, खडकावरचं शेवाळ आलं, सूर्य बुडताना आला. आईंनी समुद्र कधी पाहिलेला नाही, म्हणून तो नीट सांगावा लागला. तुम्ही माझ्या चपला हातात धरल्या होत्या हेही सांगितलं, ते त्यांना फार आवडलं. एका संध्याकाळी तर मी तुमच्या डोळ्यांत पाणी आणलं. तुम्ही म्हणत होतात, "आईनं लई सोसलं. मी बघून न बघितल्यावानी केलं." अहो, इतकं चांगलं तुम्ही जन्मात बोलला नसतात. सांगताना मलाच वाटायला लागलं की तुम्ही असे होतात. सगळी बाली मी त्यांच्यापुढं तुमच्या त्या एका वाक्यासाठी उभी केली.

परवा त्यांनी नेहमीसारखं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याला धीर झाला न्हाई, ते कळलं. पोरगा हुता. तुला काय झालं हुतं?"

मला समजलंच नाही.

"तुला तर ठावं हुतं. येऊन दोन वर्सं झाली. मी रोज तुज्या म्होरं बसत हुते. तू का न्हाई सांगितलंस?"

खोट्याला इतक्या पायऱ्या बांधल्या, पण ही पायरी राहून गेली. मी म्हणाले, "इसरले."

"इसरलीस," आई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला वाढलं तर जेवतात, ताट स्वतः उचलतात. तेराव्याला आलेल्या बायकांनाही ते दिसलं. त्यांना वाटलं कुंकवावरनं बिनसलंय. त्यांना तसंच वाटू दे.

दोन दिवस मी स्वतःशी भांडते आहे. एक वाक्य बोलायचा अवकाश आहे. आई, ते असं काही म्हणालेच नव्हते. एवढं बोलले की त्या माझ्याशी बोलतील, कदाचित माझी पाठही थोपटतील. पण तुम्ही त्यांच्या हातून पुन्हा जाल, आणि या खेपेला जळायलाही काही नसेल. तुम्ही मला सांगा मी काय करू. तुम्ही सांगणार नाही. तुमच्या बाजूला आता कायमचं नारळपाणी आहे.

आज सकाळी आई तुमच्या फोटोसमोर बसल्या होत्या. मी चहा घेऊन दारात थांबले. मी आल्याचं त्यांना कळलं नसावं, किंवा कळलं असेल. त्या तुम्हाला म्हणत होत्या, "तू म्हनला हुतास रं बाळा. हिनंच पोटात ठेवलं."

मी कपाळाला कुंकू लावून दारात उभी होते. आत गेले, त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाले, "व्हय आई. चुकलंच माझं."